फक्त सेवा?

इंदूरकडे एखाद्या प्रार्थनासभेवर धर्मांतराचा आरोप झाला, की आमच्या माणसांत तोच वाद पुन्हा सुरू होतो. तिथल्या रामबागेतले जुने शेजारी म्हणतात, शाळा चालवा, दवाखाने चालवा, येशूचं नाव मध्ये कशाला? त्यावर आमचेच कॅथलिक घाईघाईनं सांगतात, "आम्ही फक्त सेवा करतो." हे उत्तर मला पटत नाही.

त्यामागची भीती कळते. मध्य प्रदेशातल्या 2021 च्या कायद्यानं धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनं 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जबरदस्तीला, आमिषाला ख्रिस्ती श्रद्धेत मुळीच जागा नाही. पण म्हणून आपण ज्याच्यामुळे हे करतो, त्यालाच लपवायचं?

मी राहते त्या जर्मनीत कुणी अडवत नाही. चर्चचा कर सरकार गोळा करून देतं, कारितास या कॅथलिक सेवासंस्थेची रुग्णालयं आणि वृद्धाश्रम चालतात. तरी 2022 या एका वर्षात 5 लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडलं. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बहुतेक पिकल्या केसांची माणसं, आणि वेदीवर पुष्कळदा केरळचे फादर. सेवा भरपूर, पण ख्रिस्ताबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे अवघडतात.

अशा वेळी मध्य प्रदेशात काम करणाऱ्या कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांची आठवण येते. उदयनगर भागातल्या भूमिहीन शेतमजुरांना सावकारांच्या विळख्यातून सोडवायला त्या उभ्या राहिल्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येताना बसप्रवासात त्यांना भोसकून मारलं. शेवटपर्यंत त्या येशूचं नाव घेत होत्या, असं सांगतात. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं.

ती राखी नुसत्या समाजसेवेतून येत नाही. "मी सदैव तुमच्याबरोबर आहे" हे वचन येशूनं शिष्यांना जगभर पाठवतानाच दिलं. मत्तयाचं शुभवर्तमान तिथंच संपतं. मिस्सेत भेटणारा ख्रिस्त त्या मजुरांच्या झोपडीतही होता, असं मी मानते. तेव्हा शेजारी विचारतील तेव्हा आपल्या लोकांनी सरळ सांगावं: हे येशूसाठी करतो, आणि तुम्ही ख्रिस्ती झाला नाहीत तरी करत राहू.