आमणे म्हणजे मुंबई नव्हे

‘समृद्धी महामार्गामुळे नागपूरकरांनी नाताळच्या सुट्टीत विमानाचा विचारच करू नये, आठ तासांत मुंबई’ हे लेखातील विधान मला अर्धवट वाटते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडीजवळ आमणे येथे संपतो आणि तेथून पुढची वाहतूककोंडी त्या आठ तासांत धरलेलीच नाही. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण, त्यांत गुडघेदुखीने त्रस्त असलेली आई, पहाटे पाचला नागपूरहून अलिबागला निघालो. इगतपुरीपर्यंतचा प्रवास सुरेख झाला, मात्र भिवंडी ते पेण या टप्प्याने आमची संपूर्ण संध्याकाळ खाल्ली.

शिवाय गाडी चालवणारा एकटाच असेल, तर त्या सरळसोट, एकसुरी रस्त्यावर दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर येणारी झापड हा खरा प्रश्न आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. मी दर दोन तासांनी थांबत होतो, तरीही सिन्नरच्या अलीकडे पत्नीने मला दोनदा हाक मारली. पाच तिकिटांचा खर्च वाचला हे खरे, संत्र्यांची करंडीही डिकीत आरामात मावली. पण आईसाठी परतीचे तिकीट मी अलिबागला असतानाच विमानाचे काढले.