पट्टा, प्राण आणि रात्रीची लाईन

गावच्या ग्रुपवर पंधरवडाभर एकच रणधुमाळी चालू आहे. विदर्भातल्या आमच्या दारव्ह्याच्या बाजारात कुणीतरी कमरेला बांधायचा करंटचा पट्टा विकायला आणला. 'शरीरातली वीज वाढते, थकवा पळतो.' झालं! अर्धं गाव म्हणतं, प्राण म्हणजेच वीज, ऋषींना हे कधीचंच ठाऊक होतं. बीएस्सी झालेली पोरं 'अंधश्रद्धा' म्हणून तुटून पडतात. इथे नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सायकल बाहेर काढायच्या आधी मी हे सगळं वाचतो आणि डोकं तापवून घेतो.

बरं, वाद नवा तरी असावा! १७९१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टर गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाची तंगडी उडते ती प्राण्यातल्याच विजेनं, असं मांडलं. तिथलाच दुसरा शास्त्रज्ञ व्होल्टा म्हणाला, छे, वीज बेडकात नाही, दोन वेगळ्या धातूंत आहे. आणि त्या हट्टापायी १८०० साली त्यानं बॅटरी करून दाखवली. गॅल्व्हानीचा भाचा अल्डिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेताला तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. जीव काही परत आला नाही. पण त्या भांडणातून बॅटरी तरी निघाली. आमच्या ग्रुपवर 'सुप्रभात' निघतं.

शरीरात वीज आहेच. चेतापेशीच्या आत-बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, सोडियम-पोटॅशियमच्या जोरावर. याच लायडनमध्ये आइंटहोवन नावाच्या प्राध्यापकानं रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून हृदयाची वीज टिपली आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. सोडियम बाहेर, पोटॅशियम आत हे पेशी रात्रंदिवस करत असते, ते आपण खातो त्या भाकरीच्या बळावर. पट्ट्यानं त्यात काय भर पडणार? वेळेवर जेवण आणि रात्रीची झोप हवी.

झोपेचंच तर दुखणं आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, राज्याला वीज देणारी केंद्रं आमच्या मुलखात, आणि माझा भाऊ थंडीत मध्यरात्री हरभरा ओलायला उठतो, कारण पंपाला लागणारी थ्री फेज लाईन तेव्हा येते. पाय चिखलात, पुढ्यात स्टार्टरची गंजकी पेटी, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार. हिरवं बटण तो कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीनं दाबतो. छातीतून शंभरेक मिलिअँपिअर इतका थोडा करंट गेला तरी हृदयाची लय तुटते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. डीपी, म्हणजे लाईनीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की वर्गणी काढायची, ती न्यायला ट्रॅक्टर करायचा. माणसाचा जोम कुठे जिरतो हे बघायला ऋषीही नकोत आणि बीएस्सीही नको.

हे मी ग्रुपवर लिहिलं. पुतण्याचं उत्तर लगेच आलं, "काका, तुमाले तिथं बसून बोलाले काय जाते? तुमच्या इकडं लाईन जाते तरी काय?"

नाही जात. एकदा दुपारी तासभर गेली, तर शेजारीण घाबरून दारात आली होती. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, आम्हाला याची सवय आहे. आम्हाला! अमरावतीला इलेक्ट्रिकल शिकलो, आता दुसऱ्यांच्या देशातल्या वाहिन्यांचे नकाशे काढतो, आणि ऐट मारायची वेळ आली की दारव्ह्याचा होतो. पोरानं मला सरळ गावाच्या शिवेबाहेर उभं केलं, आणि ते झोंबलं.

तो पट्टा आईनंही मागवलाय. पैसे मीच पाठवले, ग्रुपवर बोललो नाही. कमरेला बरं वाटते म्हणते. तिनं माझ्याकडे काही मागितलं याला किती वर्षं झाली असतील; तेव्हा काय सोडियम-पोटॅशियम समजावत बसू?

पुतण्याला उत्तर लिहायचं राहिलंय. आमच्या फीडरला, म्हणजे शेताकडच्या लाईनीला, या आठवड्यात दिवसपाळी आहे की रातपाळी, ते आधी त्यालाच विचारावं लागेल.