एकलव्याचा अंगठा आणि आपलं तात्पर्य

नमस्कार. मुलांना महाभारतातल्या गोष्टी सांगण्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण मुद्दा आहे. तुम्ही विचारताय, शिष्याचा अंगठा मागणारा गुरू आणि खोटं बोलणारा धर्मराज यांच्या गोष्टी सांगून मुलांवर कसले संस्कार होणार? त्यापेक्षा चांगलं-वाईट सरळ शिकवा, देवाच्या शिक्षेचा धाक कशाला?

एकलव्याबाबत आधी कबुली देतो. ‘गुरुभक्ती असावी तर अशी’ हे तात्पर्य मीही लहानपणी घोकलंय आणि आज ते मला भिकार वाटतं. पण आदिपर्वात जाऊन बघा, तिथे काहीच झाकलेलं नाही. ‘तुझ्याहून वरचढ शिष्य माझा कुणी होणार नाही असं म्हणाला होतात ना?’ असं अर्जुन द्रोणांना एकांतात गाठून विचारतो. पुढे अंगठा जातो, एकलव्याच्या बाणांचा वेग उतरतो आणि अर्जुन होतो ‘विगतज्वर’, ताप उतरलेला. म्हणजे इतके दिवस त्याला मत्सराचा ताप होता! गुरुभक्तीचा गोडवा गायचा तर हा शब्द गाळावाच लागतो. आपण तो बिनदिक्कत गाळत आलो.

धर्मराजाबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र मला पटत नाही. ‘अश्वत्थामा मेला’ हे तो मोठ्याने म्हणतो, ‘हत्ती’ हे पुटपुटतो आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. हे पुतण्याला सांगितलं तेव्हा त्याने फरशीवर पंजा आडवा धरून चार बोटं मोजली. “एवढंच? सगळ्यांचेच रथ जमिनीवर चालतात की. मग शिक्षा काय झाली?” मी उत्तर दिलं नाही. रात्री जेवताना तोच म्हणाला, “त्याला एकट्यालाच कळलं असेल ना, रथ खाली आला ते?” ‘खोटं बोलू नये’ हे वाक्य त्याला आधीपासून पाठ होतं. त्यावर त्याने कधी काही विचारलं नव्हतं.

धाकाचं म्हणाल तर मांडव्य ऋषींची गोष्ट आठवा. चोरांनी लूट त्यांच्या आश्रमात लपवली, हे मौनात, म्हणून राजाने त्यांनाही सुळावर चढवलं. हे कशाचं फळ, असं त्यांनी थेट यमधर्मालाच विचारलं. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचली होतीस, हे उत्तर. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? ऋषींनी धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याला पाप धरायचं नाही, अशी मर्यादा घालून दिली. शिक्षा देणाऱ्यालाच जाब विचारणारी गोष्ट धाक कशी घालेल?

आता तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो. शाप होता शूद्रयोनीत जन्माचा, त्यातून विदुर झाला. न्यायाच्या गोष्टीतसुद्धा हा काटा आहेच. मोठ्या मुलांना सांगताना मी तो काढत नाही. तिथे हमखास कुणीतरी थांबवतं आणि मग ती गोष्ट त्या दिवशी पुरी होत नाही.