ईसीआर नसणे म्हणजे परवानगी नव्हे

बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: नव्या पदवीधरांना दुबई आणि जर्मनीत हमखास नोकरी, पासपोर्टवर ईसीआर (नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी उत्प्रवास-मंजुरी घ्यावी लागेल, अशी नोंद) नसेल तर सरकारी भानगड नाही, व्हिजिट व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिथे करून देऊ, खर्च दीड लाख, जागा मोजक्याच. खानापूरच्या माझ्या भाच्यापर्यंत हा संदेश पोहोचला आणि त्याच्या आईने सोसायटीत दागिने तारण ठेवण्याची चौकशी सुरू केली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

ईसीआरचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दहावी उत्तीर्ण झालेल्याला आखातात नोकरीला जाताना उत्प्रवास-मंजुरी लागत नाही. मात्र ही सूट जाणाऱ्याला आहे, पाठवणाऱ्याला नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या प्रत्येक एजंटाकडे नोंदणी प्रमाणपत्र असावेच लागते आणि ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही तपासता येते. त्याच कायद्याखालच्या नियमांप्रमाणे उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे, तेव्हा दीड लाखाचा हिशेब इथेच संपतो. उलट, पदवीधराचा करार मंजुरीसाठी कोणत्याही अधिकाऱ्यासमोर जात नसल्यामुळे त्याने तो स्वतः अधिक बारकाईने वाचायला हवा.

खरा घातक सल्ला व्हिजिट व्हिसाचा आहे. दुबईत एखाद्या कंपनीने खरोखर नेमणूक केली, तर देश न सोडता व्हिसाचा प्रकार बदलता येतो हे खरे; पण तो अर्ज नेमणूक करणारी कंपनी करते, एजंट नव्हे, आणि कामाचा परवाना हाती येईपर्यंत काम करणे बेकायदा असते. नेमणूक झालीच नाही तर व्हिसाची मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. मध्यंतरी कोणी गोदामात राबवून घेऊन पगार बुडवला, तर अधिकृत करारच नसलेल्या मुलाने तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची? शिवाय तिथल्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, कामगाराकडून तो वसूल करता येत नाही. मग हे दीड लाख नेमके कशाचे?

जर्मनीचा उल्लेख तर निव्वळ सजावट आहे. तिथे पर्यटक व्हिसावर उतरून नोकरीचा व्हिसा मिळवण्याचा राजमार्ग भारतीयांना नाही. जून २०२४ पासून मिळणारे ‘चान्सेनकार्टे’ हे निवास-परवान्याचे कार्ड नोकरी शोधायला एक वर्ष देते, नोकरी देत नाही. त्यासाठीही मान्यताप्राप्त पात्रता, भाषेचे प्रमाणपत्र आणि वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. बेळगावच्या पत्त्यावरचा अर्ज बंगळूरच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो, कोणाच्या ओळखीने मुंबईतून होत नाही.

राहिले ‘जागा मोजक्याच’. ज्या संदेशात कंपनीचे नाव नाही, पद नाही, पगार नाही, त्यातल्या जागा कोणी मोजल्या, हे पाठवणाऱ्यानेच सांगावे.