गुलाबी बोंडअळी आली म्हणजे बियाणं बोगस?

कपाशीच्या हंगामात हा मजकूर हमखास फिरतो: 'बीटीवर गुलाबी अळी आली म्हणजे बियाणं बोगस. बोंडाला भोक नाही तर अळी नाही. दिसली की कडक औषध मारा. कामगंध सापळे लावू नका, शेजारचे पतंग ओढले जातात.'

बियाणं बोगस? बाजारात बोगस बियाणं असतं, पण अळी हा त्याचा पुरावा नव्हे. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी; तिचं दोन विष-जनुकांचं बीजी-२ हे बियाणं २००६ साली आलं. ही अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेच विष पचवत गेली. अळीत ही ताकद वाढू नये म्हणून सोबतच्या पाकिटात दिलेलं बिगरबीटी बियाणं बहुतेकांनी पेरलंच नाही. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीचं काय केलं ते सर्वांनी पाहिलं.

भोक नाही म्हणजे अळी नाही? सगळ्यात महागात पडते ती ही समजूत. पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करडा-तपकिरी, मागच्या पंखांना झालर, रात्री फिरणारा. मादी पात्या (कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडाच्या देठाजवळच्या पाकळीआड अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत पांढुरकी अळी निघते, बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजतं. गुलाबी रंग चढतो तो शेवटच्या अवस्थेत. आपल्याला दिसतं ते गोल भोक कोषात जाण्यासाठी बाहेर पडताना पाडलेलं. तोवर आत कवडी (डागाळलेला, घट्ट चिकटलेला कापूस) झालेली असते. म्हणून शेतभर फिरून २० हिरवी बोंडं तोडा, फोडा. दोनांत जिवंत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. त्याआधी फुलोऱ्यात डोमकळ्या शोधा: पाकळ्या रेशमाने बांधल्यासारख्या, न उमललेल्या. त्या तोडून नष्ट करा.

कडक औषध? बोंडातल्या अळीपर्यंत ते पोचतच नाही. मरतात पतंग आणि नुकत्या निघालेल्या अळ्या, म्हणून वेळ साधावी लागते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड लवकर मारलं तर मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी उसळते.

सापळे? कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीचा वास असतो, त्यामुळे नरच येतात; अंडी घालणारी मादी नव्हे. एकरी दोन सापळे, पिकाच्या फूटभर वर. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले की उपाय करा. ल्यूर मुदतीत बदलला नाही तर रिकामा सापळा फसवतो.

फरदडीबद्दल, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखण्याबद्दल, मात्र मजकुरात चकार शब्द नाही. दिवस लहान झाले की अळी दोन सरक्या जोडून त्यात महिनोन्‌महिने सुप्त राहते. डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचू नका.