नवऱ्याला नको, तिलाच विचारा

गेल्या आठवड्यात नाशिकच्या मामांचा फोन आला. त्यांच्या प्रभागात महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या बाई कधी दिसतच नाहीत, सगळा कारभार त्यांचे यजमान बघतात, म्हणून मामा चिडले होते. "तुमच्या शिकागोत कुठे आहे आरक्षण? तरी बायकांनी शहर घडवलंच ना?"

हो मामा, घडवलं. हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउसची जुनी विटांची वास्तू आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन समाजसेविका वस्तीतल्या गरिबांसाठी काम करायला तिथे राहायला आल्या. भोवती परदेशांतून आलेल्या गरीब कामगारांची दाटी. रस्त्यावर कचऱ्याच्या मोठाल्या लाकडी पेट्या, त्या उतू जायच्या आणि त्यांच्यावरच पोरं खेळायची. १८९५ मध्ये ॲडम्सबाईंनी वॉर्डाचा कचरा उचलायचा ठेका मिळावा म्हणून चक्क निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण महापौरांनी त्यांना कचरा निरीक्षक नेमलं. सकाळी सहाला त्या घराबाहेर पडायच्या, गाड्यांच्या मागे मागे फिरायच्या. ठेकेदाराला ९ गाड्यांच्या १७ करायला लावल्या. एका अरुंद गल्लीत तर घाणीच्या थराखाली, १८ इंचांवर, फरसबंदी सापडली! एवढ्या वर्षांत ती कुणाला दिसलीच नव्हती. बाईमाणसानं हे काम करावं, हे शेजारच्या बायकांनाच आधी पटेना. पण मृत्युदरात शहरात तिसरा असलेला तो वॉर्ड सातव्यावर आला.

मात्र ॲडम्सबाईंकडे वडिलांचा पैसा होता, कॉलेजचं शिक्षण होतं. प्रभागातल्या किती जणींकडे ते असतं?

आणि मतांचं बघा. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये स्त्रियांना पालिका निवडणुकीत मत मिळालं १९१३ साली. त्याच वर्षी कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचा अल्फा सफ्रेज क्लब, म्हणजे मताधिकारासाठीचा क्लब, काढला. त्या बायका दारोदार फिरून मतदार नोंदवत होत्या. त्यांच्या जोरावर १९१५ मध्ये शहराला पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक मिळाला, ऑस्कर डी प्रीस्ट. राबल्या बायका, खुर्चीत बसला पुरुष. शिकागोच्या नगर परिषदेत पहिल्या स्त्रिया निवडून आल्या थेट १९७१ ला. मत मिळाल्यावर ५८ वर्षांनी!

आरक्षण नसलं की काय होतं, ते हे असं होतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. इथल्या मैत्रिणींना हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. यजमान कारभार करतात हे चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यांना कारभारी कोण करतं? तक्रार घेऊन आपणच त्यांच्याकडे जातो, फोनही त्यांनाच लावतो.

तेव्हा मामा, उद्या घंटागाडी आली नाही तर यजमानांना फोन करू नका. बाईंच्या दारात जा आणि त्यांनाच विचारा.