लीडरशिपमध्ये मास्टर्स करणाऱ्या सिस्टर्सबद्दल थोडं बोलायचंय

नर्सिंगमध्ये मास्टर्स करताना क्रिटिकल केअर घेतलं, पीडियाट्रिक्स घेतलं की सगळे कौतुक करतात आणि हेल्थकेअर लीडरशिप घेतलं की लगेच "म्हणजे आता पेशंट नकोत का, ऑफिसात बसायचंय का?" हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण बोलणाऱ्या बहुतेक वेळा आपल्याच असतात.

वॉर्ड चालवणं हे शिकण्याचं काम आहे हे आपण कधी मान्य करणार? आजही बऱ्याच ठिकाणी काय होतं, सिस्टर वर्षानुवर्षं उत्तम काम करतात, एक दिवस ऑर्डर निघते आणि त्या इन्चार्ज, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख, होतात. आयव्ही लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नसतं, पण रोस्टर (कोणाची ड्युटी कधी ते) लावणं, बजेट वाचणं, दोन मुलींमधलं भांडण सोडवणं, मीटिंगमध्ये आकडे मांडून स्टाफ वाढवून मागणं, यातलं काहीच त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. मग त्यांची इन्चार्ज जशी वागायची तशाच त्याही वागतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

एक उदाहरण बघा. दोन वेगळी औषधं, अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) एकाच आकाराचे, लेबल जवळपास सारखं आणि ठेवलेत ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी. पहाटे चार वाजता एकटी सिस्टर घाईत चुकीचा अँप्यूल उचलते. नेहमीची पद्धत म्हणजे सकाळी मेमो, सगळ्यांसमोर बोलणी, विषय संपला. आणि अँप्यूल तिथेच, पुढच्या नाइटवालीची वाट बघत! सिस्टीम बघायला शिकलेली इन्चार्ज आधी कप्पे वेगळे करते, मग विचारते की त्या रात्री तिच्याकडे पेशंट किती होते, डबल चेकला दुसरं कोणी होतं का, असं आधी कोणाचं होता होता वाचलंय का. रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतात ते हेच. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांवर जो रिपोर्ट काढला त्याचं म्हणणंही हेच होतं, की बहुतेक चुका बेफिकीर माणसांमुळे नाही, सदोष व्यवस्थेमुळे होतात. तिथल्या हॉस्पिटल्समध्ये अशा चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं जातात असा त्यांचा अंदाज होता.

आणि आकड्यांची भाषा यायलाच हवी. "स्टाफ कमी पडतो हो" हे आपण रोज म्हणतो, कोण ऐकतं? लिंडा एकन या नर्स संशोधक, त्यांच्या टीमने २००२ मध्ये पेनसिल्वेनियातल्या सर्जरीच्या पेशंटचा अभ्यास छापला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी जास्त दिसली. हा अभ्यास नीट वाचून त्याच्या शेजारी आपल्या वॉर्डचे आकडे ठेवता आले तर समोरच्याला विषय टाळणं अवघड जातं. पुराव्याची ही सवय मास्टर्समध्ये लागते, निदान लागायला हवी.

हे काही नवीन फॅडही नाही. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये नर्सेससाठी हॉस्पिटल इकॉनॉमिक्सचा कोर्स १८९९ मध्ये सुरू झाला, ट्रेनिंग स्कूल आणि हॉस्पिटल सांभाळणाऱ्या सुपरिटेंडेंट तयार करायला. त्याच कॉलेजात १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग प्रोफेसर झाल्या, नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्रोफेसर. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी त्या बायकांना जे कळलं होतं ते आपल्याला अजून एकमेकींना पटवावं लागतंय.

आता तक्रार कोर्सेसबद्दलही आहे. नुसत्या थिअऱ्या, ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिपच्या व्याख्या, असाइनमेंटवर असाइनमेंट आणि प्रत्यक्ष बजेटचा कागद दोन वर्षांत एकदाही हातात नाही, असलं शिक्षण काय कामाचं? आणि माझं स्पष्ट मत, बीएससी झाल्या झाल्या थेट याला जाऊ नये, आधी काही वर्षं वॉर्डात काढावीत, नाइट्स कराव्यात, हॅन्डओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, घाईत उरकला की पुढच्या शिफ्टला काय भोगावं लागतं ते अंगावर घ्यावं.

ज्या मुली यंदा विचार करताहेत त्यांनी अ‍ॅडमिशनआधी तीन गोष्टी विचारा: प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामातून शिकण्याचा भाग) कोणत्या नर्स लीडरसोबत असेल, रोस्टर-बजेटचं खरं काम करायला मिळेल का, आणि प्रोजेक्ट स्वतःच्याच वॉर्डातल्या प्रश्नावर करता येईल का. कॉलेजने उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं कॉलेज बघा.